अठ्ठावीस पौंडी माणसं

'गट फुटला' असं महाराष्ट्रात कुठंही म्हटलं तरी ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या पक्षाचा?" 'गट तुटली' असं म्हटलं तर मात्र तो प्रश्न विचारत नाही. तो आपलं व्याकरण सुधारतो. वास्तविक पहिला गट फुटला तर कुणाचं फारसं बिघडत नाही. त्याला सांधून घेणारे दारातच उभे असतात. ही दुसरी, स्त्रीलिंगी गट तुटली, तर ती सांधून देणाऱ्या माणसासाठी आमच्यासारख्यांना घाट उतरावा लागतो.

बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये जी जाळी असते तिला आपल्याकडे सगळे 'गट' म्हणतात आणि ती भरण्याला 'गटिंग'. इंग्रजीत गट म्हणजे आतडं. एके काळी ही तार खरोखरच जनावराच्या आतड्यापासून करत. आता ती नायलॉनची असते. पण स्टीलच्या पेल्याला आपण 'ग्लास' म्हणतोच की! तेव्हा नावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या गटीच्या नावाने चाललेल्या एका पंथाबद्दल. या पंथाला मी 'अठ्ठावीस पौंडी' म्हणतो.

हा पंथ तुमच्याही गावात असणार. सकाळी सहाच्या ठोक्याला हॉलवर या. पंथीय लगेच ओळखू येतो. त्याच्या पाठीवर गाण्याच्या क्लासला निघाल्यासारखी लांबलचक बॅग असते, मनगटाला घामाचा पट्टा असतो (घाम नंतर येतो, किंवा येत नाही), आणि खेळायला उभं राहण्यापूर्वी तो तळहातावर रॅकेट आपटून तिचा आवाज सगळ्यांना ऐकवतो. 'टण्ण!' मग आपल्याकडे वळून विचारतो, "तुमची किती?"

पूर्वी पगार असा विचारत.

"बावीस," मी म्हणतो.

"बावीस!" त्यांच्या चेहऱ्यावर 'अजून भाड्याच्याच घरात का?' असे भाव. "अहो, आपली अठ्ठावीस आहे. खाली चालतच नाही आपल्याला."

यानंतर ते सर्व्हिस करतात आणि फूल नेटमध्ये जातं. तेही अठ्ठावीस पौंडांनी.

आता हे पौंडाचं प्रकरण काय आहे ते पाहू. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून वजनं-मापं दशमान केली. शेर गेला, छटाक गेली, मण गेला. पौंड तेवढा दोन ठिकाणी लपून राहिला: वाढदिवसाच्या केकमध्ये आणि बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये. केकचा पौंड निदान पोटात जातो. रॅकेटचा डोक्यात जातो.

हिशेब साधा आहे. २२ पौंड म्हणजे जवळजवळ बरोबर १० किलो. रॅकेटमध्ये साधारणपणे २२ उभ्या तारा आणि २१ आडव्या. प्रत्येक तार ओढताना यंत्र तिला तेवढ्या वजनाने खेचतं. आडव्या तारा दोन पौंड जास्त ओढायची रीत आहे. तेव्हा उभ्या २२ वर आणि आडव्या २४ वर धरल्या तर सगळ्या ओढींची कागदावर बेरीज होते सुमारे ४५० किलो. म्हणजे साडेचार क्विंटल! खामगावच्या बाजारात हे वजन बैलगाडीतून येत असे. ते पेलतं कोण? तर ८०-८५ ग्रॅमची, पेढ्यांच्या लहान पुडक्याएवढ्या वजनाची एक चौकट. तिच्यावर आमचे पंथीय अठ्ठावीस-तीस करून आणखी एक क्विंटल लादतात आणि ती तडकली की कंपनीच्या नावाने शंख करतात.

कंपनीने बिचारीने दांड्याजवळ बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'इतक्या पौंडांपर्यंत'. हे 'पर्यंत' आम्हाला वाचताच येत नाही. एस.टी.त 'उभे प्रवासी ११' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ निदान अकरा तरी उभे राहिलेच पाहिजेत, असाच आपण घेतो. सोसण्याची हद्द हेच आपण ध्येय समजतो. पण 'तुटेपर्यंत ताणू नये' ही म्हण आपल्याच भाषेत आहे. ती बहुधा कुणा गटिंगवाल्यानेच केली असावी.

बरं, ताण वाढवला की होतं काय? ज्याने आजोळी बाजेवर उड्या मारल्या आहेत त्याला हे शास्त्र वेगळं शिकवायला नको. बाजेची दोरी जरा सैल असली की पोरगं टुणकन वर उडतं. पायथ्याची दोरी कचकचून आवळली की तीच बाज पाटासारखी होते. पोरगं उडत नाही, गुडघे मात्र दुखतात. रॅकेटचं तंतोतंत हेच आहे. ताण कमी, तर जाळी आत दबते आणि फुलाला उलटं फेकते. जोर फुकटात मिळतो. ताण जास्त, तर जाळी दबतच नाही. जोर सगळा खेळणाऱ्याने आपल्या मनगटातून आणायचा. मोबदल्यात फूल हवं तिथं पडण्याची अचूकता वाढते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण त्यासाठी फूल जाळीच्या नेमक्या मधोमध लागावं लागतं, आणि ताण वाढेल तसा तो नेमका मध्यही आक्रसत जातो. तिथे फूल लावता येणाऱ्याला जास्त ताणाचा उपयोग. ज्याचं फूल दर तिसऱ्या फटक्याला चौकटीवर लागून शेजारच्या कोर्टात जातं, त्याने अचूकता विकत घेऊन ती ठेवायची कुठे?

आमच्या घरात यावर एकच वाक्य बोललं गेलं. आमच्या सौभाग्यवती गाण्याच्या. तंबोरा त्यांच्या माहेराहून आला आहे. मी वरचं सगळं व्याख्यान त्यांना दिलं, तेव्हा खुंटी पिळता पिळता त्या म्हणाल्या, "तार जास्त पिळली म्हणून कुणाचं गाणं सुधारलेलं ऐकलंय का तुम्ही? ती गळ्याला जुळवून घ्यायची असते." माझ्या दोन पानांच्या युक्तिवादाला त्यांनी दोन ओळींत जागा करून दिली.

पंथीयांकडे यावर एक ब्रह्मास्त्र असतं. "मोठे खेळाडू बघा! ते तिसाच्या वर जातात." जातात ना! सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ साली जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला आणि गिनेसच्या पुस्तकात नाव नोंदवलं. पण तो वेग गटीने दिला नाही, खांद्याने दिला. त्या खांद्यामागे बालपणापासूनची तालीम आहे. शिवाय या मंडळींच्या बॅगेत पाच-सहा रॅकेटी सारख्याच गटिंग करून तयार असतात, मोठ्या स्पर्धेत गटिंग करणारे यंत्रासकट मुक्कामाला असतात, आणि तुटलेली रॅकेट दुसऱ्या सामन्याआधी भरून मिळते. आमचे वकीलसाहेब सकाळचे दोन गेम खेळून साडेआठला कोर्टात जातात. त्यांनी सात्त्विकचा ताण घेणं म्हणजे खटारगाडीला विमानाचं पेट्रोल घालणं आहे.

आणि मोठे खेळाडूच बघायचे तर सगळे बघा. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकले. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. हातात लाकडी चौकटीची रॅकेट. ती आजचा ताण सोसायची नाहीच. नुसती भिंतीला टांगली तरी वाकडी व्हायची, म्हणून तिला चार खिळींच्या चौकटीत आवळून ठेवावं लागे. नाटेकरांचा खेळ ज्यांनी पाहिला ते अजून त्यांच्या मनगटाबद्दल बोलतात. त्यांचे पौंड किती होते याबद्दल मी आजवर एकही शब्द ऐकलेला नाही. प्रकाश पदुकोणने १९८० साली ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात लीम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं, ते त्याला पळवून-दमवून, हलक्या हाताने फुलं ठेवून. लीम स्वी किंग हा स्मॅशचा बादशहा. जोराला जोराने उत्तर द्यायचं नसतं हे त्या दिवशी साऱ्या जगाला कळलं. आमच्या हॉलपर्यंत ती बातमी अजून यायची आहे.

गंमत म्हणजे नियमांत या ताणाचा उल्लेखच नाही. या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात आपल्या पुण्यात, तिथल्या इंग्रज मंडळींनी केले. खेळाला नावही 'पूना' असंच होतं. पुढे ते गेलं आणि ग्लॉस्टरशरमधल्या एका सरदाराच्या वाड्याचं नाव त्याला चिकटलं. पुण्याच्या हातून निसटलेली ही बहुधा एकमेव गोष्ट असावी. आज रॅकेट ६८० मिलिमीटरपेक्षा लांब नको, २३० पेक्षा रुंद नको, जाळीचा भाग २८० बाय २२० च्या आत हवा, तारा एकसारख्या विणलेल्या हव्यात, इतकं सगळं नियमांत लिहून ठेवलं आहे. किती पौंड हवेत, याबद्दल अवाक्षर नाही. ज्या खेळाने पुण्यात बाळसं धरलं त्याच्या नियमांनीसुद्धा जी बाब माणसावर सोडली, ती आमच्या हॉलवर जातीच्या दाखल्यासारखी तपासली जाते!

आता माझा पुढचा मुद्दा. हा जरा नाजूक आहे, कारण यात पंथीयांच्या श्रद्धेला धक्का आहे. तुमचे अठ्ठावीस हे अठ्ठावीस आहेत कशावरून?

गटिंगची यंत्रं ढोबळमानाने तीन प्रकारची. पहिल्यात एका आडव्या दांडीवर वजन सरकवलेलं असतं. दांडी खाली येते, तार ताणली जाते. दांडी आडवी स्थिर झाली की ताण बरोबर. हे गरिबाचं यंत्र, सावकाश चालतं, पण गुरुत्वाकर्षण लाच खात नाही. दुसऱ्यात हाताने फिरवायची मूठ आणि आत स्प्रिंग. ठरलेल्या ताणाला ते खटकन अडकतं. काम झपाट्याने होतं, पण अडकल्यावर तार थोडी सैल होते ती होतेच, आणि स्प्रिंग वर्षानुवर्षं वापरून ढिली पडते. तिसरं विजेचं. तार सैल पडू लागली की ते परत ओढून घेतं. ते उत्तम; फक्त त्याला वीज लागते, ही आमच्याकडे उन्हाळ्यात लहान अट नाही.

स्प्रिंगचं यंत्र काट्याला लावून अधूनमधून तपासायचं असतं. किती दुकानांत तपासतात? आपण रद्दी विकताना रद्दीवाल्याच्या काट्याकडे किती संशयाने बघतो! अर्धा किलो मारला म्हणून त्याच्याशी जिन्यापर्यंत भांडतो. आणि गटिंगवाल्याने रॅकेटवर '२८' ची चिठ्ठी डकवली की तिला मात्र वेदवाक्य मानतो. दोन दुकानांतल्या दोन यंत्रांचे 'चोवीस' एकमेकांशी जुळतीलच असं नाही. त्यातून नायलॉन स्वभावाने सैल होणारं. ओढल्या क्षणापासून त्याचा ताण उतरायला लागतो, न खेळताही. आता ती रॅकेट मे महिन्यात मलकापूरच्या उन्हात मोटारसायकलला अडकवून आणा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर, रॅकेट काळ्या बॅगेत. संध्याकाळी तुम्ही 'अठ्ठावीस' म्हणून जे मिरवता ते किती उरलं असेल? पंथीयांच्या अंगातला ताण मात्र कायम असतो. तो उतरत नाही.

खरी किंमत आहे ती त्या आकड्याला नव्हे, ओढणाऱ्या माणसाला. हे काम तुम्ही एकदा शांतपणे बसून बघा. चौकट यंत्रावर सहा ठिकाणी आधार देऊन आवळायची. उभ्या तारा मधून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे अशा समतोल न्यायच्या. एका बाजूला भरभर गेलात तर चौकट पिळवटते. मग आडव्या तारा, एक खालून एक वरून, चटई विणल्यासारख्या. नुसत्या उभ्या ओढून जेवायला उठायचं नाही, कारण अर्ध्या भरलेल्या रॅकेटची चौकट वाकडी होऊ शकते. तार जिथून जाते तिथल्या प्लास्टिकच्या नळ्या फुटल्यात का बघायचं, नाहीतर नवी तार तिथंच कापली जाते. शेवटची गाठ अशी मारायची की ताण निसटू नये. एका रॅकेटला साधारण दहा मीटर तार आणि तासाच्या आसपास वेळ. इतकं करून त्या माणसाला आपण म्हणतो, "काय बुवा एवढे पैसे लावता? दोऱ्याच तर ओवायच्या!" आठ हजारांची रॅकेट घेताना घासाघीस न करणारा माणूस गटिंगच्या शंभर रुपयांसाठी तासभर वाद घालतो. आणि वर्षानुवर्षं तीच जुनी, केस निघालेली गट वापरतो. आठवड्यात जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षात गट बदला, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. आम्ही फक्त मालकच बदलतो, म्हणजे जुनी रॅकेट मेहुण्याला देतो.

इथवर हसून सोडून देण्यासारखं होतं. पंथीय मोठी माणसं आहेत. त्यांचे खांदे, त्यांचे पैसे. पण हा पंथ आता पोरांना दीक्षा देऊ लागला आहे, म्हणून मी लेखणी उचलली.

आमच्या शेजारची मुलगी, नववीतली, सुरेख खेळते. पायात चपळाई, हातात सफाई. शालेय स्पर्धेच्या चार दिवस आधी तिची गट तुटली. आमच्या तालुक्याच्या गावात गटिंग करणारा नाही. रॅकेट एस.टी.ने मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेली. पोरीने सांगितलं होतं, "बावीस." वडिलांनी सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं, "अठ्ठावीस." मी फाटकाशीच होतो. म्हटलं, "भाऊ, पोरगी म्हणते तेवढीच ठेवा ना."

"तुम्हाले काय माहीत साहेब," ते म्हणाले. "पुढं जायाचं तं ताण घ्याच लागते!"

"अहो, पण तिचा हात..."

"हाताले सवय होते बाप्पा!"

दुकानदाराने ना मुलीचं वय विचारलं, ना रॅकेटची सोसण्याची हद्द पाहिली. रॅकेट आदल्या दिवशी रात्री परत आली. सकाळी पोरगी खेळायला उतरली. तिचं नेहमी मागच्या रेषेपर्यंत जाणारं फूल आता मैदानाच्या मध्यावर पडू लागलं. ते लांब घालवायला ती खांद्याने हिसके देऊ लागली. आवळलेली जाळी धक्का गिळत नाही, तो कोपरा-खांद्याला पाठवते. दुसऱ्या सामन्यात एक फूल काठाशी लागलं आणि गट ताडकन गेली. दुसरी रॅकेट नव्हती. उसनी घेऊन ती हरली. घरी येताना तिने खांदा धरला होता, आणि वडील म्हणत होते, "प्रेशर झेपलं नाही पोरीला."

प्रेशर कुणी लावलं होतं?

वाढत्या वयाच्या मुलांना विशीच्या आसपासचा ताण पुरे, हे गटिंग जाणणारा कुणीही सांगेल. पण तो सांगणारा जवळ असायला हवा ना! यंत्र म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. यंत्रामागे बसलेला माणूस रॅकेट हातात घेतो, पोराकडे बघतो आणि म्हणतो, "बेटा, अजून एक वर्ष वीसवरच खेळ." चिठ्ठी पाठवून हे मिळत नाही. आपल्याकडे शिकवणीपासून खेळापर्यंत सगळीच पोरं चिठ्ठीने ताणली जातात. ओढणारा एका गावात, ताण दुसऱ्या गावात.

आणि हे आमच्या जिल्ह्यात व्हावं याचा मला जास्त राग येतो. ताणलेल्या तारेची विद्या आम्हाला काय नवी आहे? हा कापसाचा मुलूख. पिंजाऱ्याच्या धुनकीला लावलेली तात ही आतड्याचीच, म्हणजे खरीखुरी गट! ती किती आवळायची हे पिंजारी कानाने ठरवी; सैल तर कापूस सुटत नाही, जास्त तर तात जाते. त्याला कुणी पौंड विचारले नाहीत. आणि आजचंच बघायचं तर आमच्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. २०२३ साली शांघायच्या विश्वचषकात त्याने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या तिरंदाजाला हरवून सुवर्णपदक घेतलं, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत सांघिक सुवर्ण. त्याच्या प्रकारातल्या धनुष्याची ओढही पौंडांतच मोजतात, आणि तिला नियमाने ६० पौंडांची हद्द आहे. पण धनुष्य ज्याचं त्याच्या हाताला, त्याच्या ताकदीला जुळवून घ्यावं लागतं, हे तिरंदाजीत पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या गावाला धनुष्याची दोरी कळली त्याच गावाला रॅकेटची का कळू नये?

तेव्हा माझी मागणी अगदी लहान आहे. क्रीडा संकुलं, क्लब, शाळा, सत्कार समित्या, सगळ्यांना सांगणं आहे. दर तालुक्याला एक साधं वजनाचं यंत्र घ्या. ते मोटारसायकलपेक्षा स्वस्त पडतं. गावातल्या एखाद्या हुशार, हाताने नेटक्या मुलाला किंवा मुलीला महिनाभर चांगल्या गटिंगवाल्याकडे पाठवा. घाटावरचं कोण, घाटाखालचं कोण हा वाद यंत्र कुठे ठेवायचं यावरून घालू नका, दोन घ्या. आणि पोरं जिंकून आली की शाल-श्रीफळ देऊ नका. शाल आमच्या हवेत चार महिने चालते, नारळ आम्ही शेगावला वाहतोच. त्याऐवजी प्रत्येकाला दोन गटी द्या आणि त्या कितीवर भरायच्या ते त्या पोराला ठरवू द्या.

राहता राहिले आमचे पंथीय. त्यांना पटवण्याचा माझा मुळीच इरादा नाही. उद्या सकाळी ते पुन्हा तळहातावर रॅकेट आपटतील आणि विचारतील, "तुमची किती?" त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की मालक, नेटच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तुमचे पौंड दिसत नाहीत. त्याला फक्त येणारं फूल दिसतं. ते आलं तर.